कोडं कुणाच्या हातचं

सुडोकूच्या पुस्तकावर 'अतिकठीण' असं छापलेलं दिसलं की ते नेमकं कुणासाठी लिहिलंय, हे मला समजत नाही. नवशिक्यानं याच्या वाटेला जाऊ नये, एवढा निरोप त्यातून पोचतो. पण ज्याची सकाळ वर्षानुवर्षं वर्तमानपत्रातल्या चौकटीनं सुरू होते, चहा निवायच्या आत ज्याचे पहिले दहाबारा आकडे भरून झालेले असतात, त्याच्या हाती त्या शब्दानं काहीच लागत नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकात स्पर्धा परीक्षांच्या जाडजूड मार्गदर्शकांशेजारी ही पुस्तकं रचून ठेवलेली असतात. काळं किंवा लालभडक मुखपृष्ठ, त्यावर मेंदूचं चित्र आणि पाच तारे. आत काही शे कोडी, पाठीमागे तेवढीच उत्तरं. कोडी कुणी रचली याचा मात्र बहुतेकदा पत्ता नसतो.

मी पुस्तक हातात घेतलं की आधी तेच शोधते. नाव असेल तर पुढे चाळते. नसेल तर पाच तारे असोत की सात, माझा हात आखडतो.

दिवाळीच्या आधी माझ्या भाचीचा फोन आला होता. "मावशी, बाबांच्या पंच्याहत्तरीला सुडोकूचं पुस्तक द्यायचंय. जगातलं सगळ्यात अवघड कुठलं ते सांग, मी मागवून घेते." बाबा म्हणजे तिचे सासरे. निवृत्त झाल्यापासून रोज सुडोकू सोडवणारे, आणि हल्ली ते दहा मिनिटांत संपतं म्हणून खट्टू होणारे. मी म्हटलं, "सगळ्यात अवघड नको घेऊस." तिला वाटलं, मी त्यांना कमी लेखतेय. "अगं, सोपी कोडी त्यांना पुरत नाहीत!" सोपं घे असं मला म्हणायचं नव्हतंच. पण फोनवर एवढंच बोलणं झालं, आणि मला काय म्हणायचं होतं ते नंतर कितीतरी दिवस मनात घोळत राहिलं.

जगातलं सगळ्यात अवघड सुडोकू म्हणून मिरवलेली कोडी खरोखर आहेत. फिनलंडचे गणितज्ञ आर्तो इंकाला यांनी ती रचली. २००६ साली त्यांनी 'एआय एस्कारगो' नावाचं एक केलं. मग २०१२ साली आणखी एक आलं, ज्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात एकटा ८ बसलेला आहे आणि सगळ्या चौकटीत दिलेले आकडे अवघे २१. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी त्याची मोठी बातमी केली होती. ते मी सोडवायला घेतलं आहे आणि संपवलंही आहे, म्हणून त्याबद्दल खात्रीनं सांगते. त्यात थोड्याच वेळात अशी जागा येते, की बघून काहीही सुचण्यासारखं उरत नाही. एका घरात ४ आहे असं मानायचं, त्यातून निघणाऱ्या पाचसात गोष्टी टिपायच्या, तिथे वाट अडली की आणखी एक गृहीत धरायचं, मग कुठेतरी विसंगती सापडली की सगळं पुसून मागे यायचं. इंकालांना अवघडपणाची हद्द कुठवर जाते ते पाहायचं होतं, आणि ते त्यांनी फार हुशारीनं पाहिलं. त्या शोधाबद्दल मला आदर आहे. पण तशा दोनशे कोड्यांचं पुस्तक कुणी मला भेट दिलं तर त्यातलं दुसरं कोडं मी उघडणार नाही. त्यात चिकाटीची परीक्षा होते, नजरेची होत नाही. आणि वर्षानुवर्षं कोडी सोडवणाऱ्या माणसाकडे कमावलेलं काही असेल तर ती नजरच असते. तिला काम न देणारं पुस्तक त्याच्या काय उपयोगाचं?

दिलेले आकडे कमी म्हणजे कोडं अवघड, हाही असाच एक समज. मुखपृष्ठावर '१७ आकड्यांची कोडी' अशी जाहिरात केलेली पुस्तकं मी पाहिली आहेत. १७ हा आकडा सुडोकूच्या इतिहासात महत्त्वाचा आहे खरा. त्याहून कमी आकडे देऊन एकच उत्तर असलेलं सुडोकू होऊ शकत नाही, हे डब्लिनच्या गॅरी मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ च्या जानेवारीत दाखवून दिलं. एकमेकींहून खरोखर वेगळ्या अशा पूर्ण भरलेल्या चौकटी आहेत ५,४७२,७३०,५३८. त्या सगळ्यांत १६ आकड्यांचं कोडं दडलेलं नाही याची छाननी संगणकांकडून करून घेतली, आणि त्याला सुमारे सत्तर लाख तास इतकं संगणकीय काम लागलं. विलक्षणच आहे ते. पण सोडवणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर १७ आकड्यांची कित्येक कोडी सरळ असतात. एक आकडा बसला की दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा. उलट २६ आकडे दिलेलं एखादं कोडं दुपारभर माणसाला जागचं हलू देत नाही. आकडे मोजून अवघडपणा कळला असता तर पुस्तक निवडणं फारच सोपं झालं असतं.

मग तो कशावरून कळतो? त्यासाठी हे कोडं आपल्यापर्यंत कुठून आलं, ते पाहावं लागतं. कारण या एका प्रवासात दोन वेगवेगळी घराणी तयार झाली आणि दुकानातलं प्रत्येक पुस्तक त्यांतल्या एकाचं असतं.

हॉवर्ड गार्न्स हे अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातले निवृत्त वास्तुरचनाकार. त्यांचं कोडं 'नंबर प्लेस' या नावानं १९७९ साली डेल या प्रकाशनसंस्थेच्या मासिकात आलं. कोड्याखाली त्यांचं नाव नव्हतं. पुढे अमेरिकी कोडीकार विल शॉर्ट्झ यांनी जुने अंक धुंडाळले, तेव्हा दिसलं की ज्या अंकांत हे कोडं आहे त्याच अंकांच्या लेखकयादीत गार्न्स यांचं नाव येतं. तोवर फार उशीर झालेला होता. गार्न्स १९८९ मध्येच वारले. आपल्या चौकटीनं जगाला वेड लावलं, हे त्यांना कळलंच नाही. त्यांचा जन्म १९०५ चा. आपले देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर हेही त्याच सालचे. ६१७४ या संख्येचं गूढ उकलणारे कापरेकर आणि कागदावर चौकटी आखत बसलेले गार्न्स, या दोघांनी एकमेकांचं नाव ऐकलं असण्याचं काही कारण नाही. पण आकड्यांच्या नादात बिनबोभाट आयुष्य काढणारी ही दोन माणसं माझ्या मनात नेहमी शेजारी शेजारी उभी असतात.

जपानमधल्या 'निकोली' या कोड्यांच्या नियतकालिकानं, म्हणजे माकी काजी आणि त्यांच्या मित्रांनी, १९८४ मध्ये हे कोडं उचललं आणि १९८६ च्या सुमाराला त्याला दोन बंधनं घातली. दिलेले आकडे ३२ पेक्षा जास्त नसावेत, आणि त्यांची मांडणी समतोल असावी: या कोपऱ्यात एक घर भरलेलं असेल तर मध्यबिंदूपलीकडचं समोरचं घरही भरलेलं हवं. कोडं सुटण्यासाठी या दुसऱ्या नियमाची काडीची गरज नाही. तो शोभेसाठी आहे. पण त्या एका नियमानं कोडं रचणाऱ्याचा हात दिसायला लागला. निकोलीत कोडी माणसं रचतात, पुष्कळदा वाचकच रचून पाठवतात आणि संपादक ती सोडवून, तपासून, पसंत पडली तर छापतात. हे पहिलं घराणं.

दुसरं घराणं सुरू झालं ते वेन गूल्ड यांच्यापासून. मूळचे न्यूझीलंडचे आणि हाँगकाँगमधून निवृत्त झालेले हे न्यायाधीश. १९९७ साली टोकियोतल्या एका पुस्तकाच्या दुकानात त्यांना हे कोडं सापडलं. पुढची सहा वर्षं खपून त्यांनी आपोआप सुडोकू तयार करणारी संगणक-प्रणाली लिहिली आणि कोडी लंडनच्या 'टाइम्स'कडे नेली. १२ नोव्हेंबर २००४ ला तिथे पहिलं सुडोकू छापून आलं. त्यानंतर काही महिन्यांत ते जगभर पसरलं आणि आपल्या मराठी वर्तमानपत्रांतही येऊन बसलं. गूल्ड नसते तर भाचीच्या सासऱ्यांना आणि मलाही हा छंद लागला नसता. हे ऋण मोठं आहे. पण त्यांच्यामागून यंत्राची कोडी पोत्यांनी आली. प्रणालीला सांगायचं, पाच ताऱ्यांची तीनशे दे. ती काही क्षणांत देते. कोणती पायरी वापरावी लागते त्यावरून प्रत्येक कोड्याला गुण मिळतात, गुणांवरून तारे. त्या तीनशेंपैकी एकही कोडं छपाईआधी कुणी हातात पेन्सिल घेऊन सोडवून पाहिलेलं असेलच असं नाही. यंत्राला पायरी अवघड आहे हे कळतं, ती सुंदर आहे की नुसतीच कंटाळवाणी, हे कळत नाही.

हातानं रचलेलं कोडं म्हणजे काय, हे मला थॉमस स्नायडर यांच्या कोड्यांतून उमगलं. २००८ च्या एप्रिलमध्ये सुडोकूची जागतिक स्पर्धा आपल्या गोव्यात झाली होती. तिसरीच ती स्पर्धा. आधीच्या वर्षी प्रागमध्ये जिंकलेले स्नायडर गोव्यातही जिंकले. पुढे २०१७ साली ही स्पर्धा पुन्हा भारतात, बंगळूरला झाली, पण माझ्या मनात घर केलं ते गोव्याच्या बातमीनं. आपल्या शेजारी, समुद्रकाठी, कुणीतरी आकडे भरत जगज्जेता झाला याचं मला अपार कौतुक वाटलं होतं. इतका वेगवान सोडवणारा माणूस स्वतः कशी कोडी रचत असेल, या उत्सुकतेपायी मी त्यांचं 'द आर्ट ऑफ सुडोकू' हे २०१२ चं पुस्तक मिळवलं. सगळी कोडी हातानं रचलेली, आणि सगळी नेहमीच्याच नियमांची.

अशा कोड्यात शिरलं की पहिल्या काही मिनिटांतच जाणवतं, समोर कुणीतरी बसलंय. वरच्या अर्ध्या चौकटीत काही ठरावीक आकडेच का दिलेत, मधला चौकोन रिकामा का सोडला, याला कारण असतं. मग एका वळणावर सगळं थांबतं. नेहमीच्या युक्त्या संपतात. तुम्ही चौकट फिरवून बघता, आणि अचानक दिसतं: ६ हा आकडा दुसऱ्या आडव्या ओळीत फक्त दोन ठिकाणी बसू शकतो, आठव्या आडव्या ओळीतही दोनच ठिकाणी, आणि दोन्हीकडच्या त्या जागा त्याच दोन उभ्या ओळींत आहेत. म्हणजे त्या उभ्या ओळींतल्या बाकीच्या घरांतून ६ हद्दपार. जाणकार याला 'एक्स-विंग' म्हणतात. यंत्राच्या कोड्यातही एक्स-विंग येतं, पण तिथे ते कुठेतरी योगायोगानं पडलेलं असतं. अनेकदा त्याच्याशिवायही वाट निघते. इथे कुणीतरी ते तुमच्यासाठी मांडून ठेवलेलं असतं. त्याच्या आधी तुम्हाला थकवलेलं नसतं आणि नंतर उगाच लटकवलेलंही नसतं. ती एक गोष्ट दिसली की बाकीची चौकट भराभर उलगडते. रचणाऱ्याला जे दाखवायचं होतं ते दाखवून झालेलं असतं. अवघडपणा मला असा हवा असतो. घाम कमी गाळावा लागला तरी चालेल, पण कोडं सुटल्यावर आधी दिसत नव्हतं ते दिसायला लागलं पाहिजे.

आता, सगळ्यांची नजर एकसारखी नसते, हेही पुस्तक निवडताना विसरून चालत नाही. माझे वडील, अण्णा, सहकारी बँकेत हिशेबनीस होते. तेरीजपत्रक जुळल्याशिवाय ते जागचे उठत नसत. मी त्यांना मोठ्या हौसेनं सुडोकू शिकवलं. त्यांनी ते पूर्ण केलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "अगं, यात आकड्यांना किंमतच कुठाय? एकाच्या जागी क, दोनाच्या जागी ख लिही. कोडं तेच राहतं." अगदी खरं होतं ते. अठराव्या शतकात गणितज्ञ ऑयलरनं अशाच चौकटींचा अभ्यास केला तेव्हा त्या अक्षरांनीच भरल्या होत्या. सुडोकूतल्या ९ ला ८ पेक्षा जास्त वजन नसतं. ज्याचं आयुष्य बेरजेत गेलं त्याला आकड्याची ही परवड बघवत नव्हती.

मग मी त्यांच्यापुढे काकुरो ठेवलं. शब्दकोड्यासारखी काळी-पांढरी चौकट, पण शब्दांऐवजी बेरजा. दोन घरांची बेरीज १६, तीन घरांची २३, आणि एका बेरजेत एक आकडा दोनदा नाही. अमेरिकेत 'क्रॉस सम्स' नावानं हे जुनंच होतं. माकी काजींनी ते जपानमध्ये नेलं आणि तिथे ते फोफावलं. अण्णांनी नियम ऐकला आणि कागद जवळ ओढला. "दोन घरांत सोळा म्हणजे सात आणि नऊ. दुसरं होतंय काय? तीन घरांत तेवीस म्हणजे सहा, आठ, नऊ. मग हे जिथे एकमेकांना कापतायत तिथे नऊ." मी पाठांतर करून जे शिकले होते, ते त्यांना मुळातच येत होतं. चार घरांत ३०, पाच घरांत ३४, अशा एकाच प्रकारे फुटणाऱ्या बेरजा त्यांना ओळखीच्या माणसांसारख्या भेटत. त्यानंतर त्यांनी सुडोकूकडे ढुंकून पाहिलं नाही.

त्यांच्यासाठी पुस्तकं आणता आणता मला काकुरोची पारख झाली. वाईट काकुरो लगेच ओळखू येतं. पांढऱ्या घरांची लहान लहान बेटं असतात, एखाद्याच घरानं एकमेकांना चिकटलेली. एक बेट सुटलं की दुसरं, आणि मोठं कोडं सोडवल्याचा फक्त भास. चांगल्या काकुरोत मध्यभागी ऐसपैस मोकळं मैदान असतं, सहा-सात घरांच्या लांब बेरजा एकमेकींतून गेलेल्या असतात. कडेला एखादी १६ किंवा २३ ठेवून आत शिरायला जागा दिलेली असते, आणि आत गेल्यावर आपलं आपण. पुस्तकाची पानं उलटताना नुसत्या काळ्या-पांढऱ्या नक्षीवरूनही हे कळतं. बेरजांचे तक्ते मागे छापले आहेत की नाहीत, याला मी मुळीच महत्त्व देत नाही. अनुभवी माणूस ते बघत नाही.

केनकेनही बेरजेचंच, त्यात वजाबाकी, गुणाकार, भागाकारही आले. तेत्सुया मियामोतो या जपानी शिक्षकांनी २००४ साली ते मुलांसाठी केलं. मोठ्या चौकटींत ते चांगलं रंगतं, पण मुरलेल्या माणसाला फार काळ धरून ठेवेल असं मला वाटत नाही. 'किलर सुडोकू'चं वेगळं आहे. 'टाइम्स'नं २००५ पासून ते छापलं आणि त्याच्या अवघड पुस्तकांची मोठी मालिकाच निघाली. त्यात सुडोकूचे सगळे नियम असतात. सुरुवातीला बहुधा एकही आकडा दिलेला नसतो, फक्त तुटक रेषांनी आखलेले घरांचे तुकडे आणि त्यांच्या बेरजा. नवखा इथे गोंधळतो. पण नऊ घरांच्या कुठल्याही चौकोनाची बेरीज ४५ असणार, हे कळलेला माणूस शांतपणे बघतो: या चौकोनातल्या सगळ्या तुकड्यांची बेरीज ५२ आहे आणि फक्त एक घर चौकोनाबाहेर गेलंय. म्हणजे त्या घरात ७. रिकाम्या चौकटीत असा पहिला आकडा पडतो तेव्हाचा आनंद मला साध्या सुडोकूत क्वचित मिळाला आहे. त्या पुस्तकांच्या शेवटच्या पानांकडे मात्र मी जात नाही. तिथे पंधरा-वीस शक्यता लिहून एकेक खोडत जाण्याचं काम असतं, म्हणजे पुन्हा चिकाटीच.

अलीकडच्या वर्षांत तर रचनाकारांची एक नवी पिढीच आली आहे. २०२० च्या मे महिन्यात, सगळं जग घरात बसलेलं असताना, मिचेल ली यांचं एक सुडोकू गाजलं. चौकटीत दिलेले आकडे दोनच, १ आणि २. त्याशिवाय नियम असे, की बुद्धिबळातला राजा किंवा घोडा एका चालीत जिथे पोचेल तिथे तोच आकडा नको आणि शेजारशेजारच्या घरांत लागोपाठचे आकडे नकोत. एवढ्यावर ते पूर्ण सुटतं! ते सोडवताना मी आश्चर्यानं दोनदा नियम तपासले होते.

फिस्टोमेफेल या टोपणनावानं कोडी रचणाऱ्या जर्मन रचनाकाराच्या नावानं ओळखलं जाणारं एक 'कडं' आहे. वाचकांनी हातात पेन्सिल घेऊन ते आजच्या आज पाहावं, असा माझा आग्रह आहे. पूर्ण सुटलेलं कुठलंही सुडोकू घ्या. तिसरी आणि सातवी आडवी ओळ रंगवा. त्यांच्यामध्ये डावीकडे आणि उजवीकडे असलेले दोन चौकोनही रंगवा. या चार गटांत १ ते ९ हे आकडे चार वेळा आले. आता दुसऱ्या रंगानं पहिली, दुसरी, आठवी आणि नववी उभी ओळ रंगवा. इथेही १ ते ९ चारच वेळा. ज्या घरांना दोन्ही रंग लागले ती दोन्हींकडून सारखीच वजा होतात, म्हणून ती सोडून द्या. पहिल्या रंगात उरतं मधल्या चौकोनाभोवतीचं सोळा घरांचं कडं. दुसऱ्या रंगात उरतात चार कोपऱ्यांतले चार-चार घरांचे तुकडे, म्हणजे तीही सोळा घरं. या दोन्हींत तेच आकडे तितक्याच वेळा असणार. जगातल्या प्रत्येक सुडोकूत! इतकी वर्षं ही गोष्ट रोज सकाळी माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मला दिसली नव्हती. ते कडं मी पहिल्यांदा तपासून पाहिलं तेव्हा संध्याकाळ होती आणि मी घरातल्या रद्दीतले जुने अंक काढून एकामागून एक सुडोकूंवर ते पडताळत बसले. या एका नियमावर उभी असलेली कोडी आता रचली जातात. ज्याला आता सुडोकूत नवीन काही उरलं नाही असं वाटतंय, त्यानं या पिढीकडे वळावं.

भाचीला शेवटी मी काय सांगितलं, तेही सांगते. "बाबांना अवघड कुठलं वाटतं ते विचारू नकोस. अर्धवट सोडून दिलेलं शेवटचं कोडं कुठलं, ते विचार, आणि जमलं तर त्याचा फोटो पाठव." फोटो आला. चौकटीतलं प्रत्येक रिकामं घर बारीक आकड्यांनी भरलेलं होतं, शक्यता नीट टिपलेल्या होत्या, एकही चूक नव्हती. अडलं होतं ते एक्स-विंगपाशी. म्हणजे शिस्त पक्की होती, पण ही आकृती त्यांना कुणी कधी दाखवली नव्हती. अशा माणसाला आणखी अवघड कोडी देऊन काय होणार? त्यांना जेसन रोझेनहाउस आणि लॉरा टालमन यांचं 'टेकिंग सुडोकू सीरियसली' पाठवायला मी सांगितलं. २०११ चं हे पुस्तक कोडी घालता घालता त्यामागचं गणित समजावतं. आणि सोबत स्नायडर. नुसती शेवटची उत्तरं छापणारं पुस्तक अडलेल्या माणसाला काहीच शिकवत नाही. उत्तर काय येणार हे त्याला नको असतं, कुठे बघायचं राहिलं ते हवं असतं.

कागदाचंही बघावं. एका पानावर एकच चौकट हवी, घरं एवढी मोठी की शक्यता टिपता याव्यात, आणि कागद असा, की खोडरबर दोनदा फिरला तर फाटणार नाही. वर्तमानपत्री कागदावर चार-चार चौकटी कोंबलेली पुस्तकं स्वस्त असतात, पण पंच्याहत्तरीच्या डोळ्यांवर तो अन्याय आहे.

निकोलीचे वाचक जे करतात ते मात्र मी अलीकडे करायला लागले आहे. गणिताची चौकडीची वही आणायची आणि स्वतः कोडं रचायचं. पुस्तकं चाळून जे समजत नव्हतं ते या वहीत समजतं. समतोल राखत आकडे मांडत जायचे, दर वेळी सोडवून बघायचं. सगळ्यात जास्त छळतं ते एकच उत्तर असण्याचं बंधन. दोन चौकोनांत मिळून आयताच्या कोपऱ्यांवर चार घरं उरतात, चारही ठिकाणी २ किंवा ७, आणि ते कसेही अदलाबदल केले तरी चालतं. म्हणजे दोन उत्तरं, म्हणजे कोडं बाद. सध्या माझ्यापुढे अशीच एक चौकट आहे. मधलं कडं पूर्ण रिकामं ठेवायचं आणि सोडवणाऱ्याला कोपऱ्यांवरून त्याच्याकडे न्यायचं, असा बेत आहे. त्या चारांपैकी एका घरात २ देऊन टाकला तर आयत मोडतो. पण मग समतोलासाठी मध्यबिंदूपलीकडच्या घरातही आकडा द्यावा लागतो, आणि तो दिला की सहाव्या ओळीतला ५ उघडा पडतो, कड्याकडे बघायची गरजच उरत नाही. २ ऐवजी वरच्या कोपऱ्यातला ९ हलवून पाहते आहे.